छपरावरची होडी: पुणे ते आंजर्ले

बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभी होते, तेव्हा एक आजी गाडीजवळ आल्या आणि छपराकडे हात करून म्हणाल्या, "गो, ह्यात काय भरून नेतेस?" मी म्हटलं, "आजी, ह्यात काही नाही. हीच होडी आहे, उपडी घातलीय. शिडाची. भाचीसाठी आंजर्ल्याला नेतेय." त्या गाडीला एक वळसा घालून आल्या. मग म्हणाल्या, "शिडाची? आता कोण घालतो शीड?"

खरंच आहे. आमच्या आंजर्ल्याच्या खाडीत आज जेवढ्या होड्या दिसतात त्या सगळ्या इंजिनाच्या. बाबांच्या लहानपणी त्याच खाडीतून शिडाचे मचवे आत-बाहेर करायचे. बाबा अजून वारा बघून सांगतात की मतलई किती वाजेपर्यंत टिकेल. दादाला ते येत नाही, आणि त्याच्या मुलीला तर डोलकाठी हा शब्द फक्त पुस्तकातून माहीत. ती दहा वर्षांची आहे. पोहायला पटाईत. मी कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगला होते, तिथे निळ्या शिडाच्या एंटरप्राइझ होड्या चालवायला शिकले, आणि ते सुख तिला मिळावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. शेवटी पुण्यात एका कुटुंबाकडे मुलांची जुनी ऑप्टिमिस्ट विकायला आहे असं कळलं. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा झाला होता. ह्या होडीच्या स्पर्धा पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात, म्हणून काढायची होती.

ऑप्टिमिस्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबी साधारण २.३ मीटर, रुंदी १.१३ मीटर, पुढचं तोंड टोकदार नसून सपाट कापलेलं. क्लार्क मिल्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९४७ मध्ये फ्लोरिडात ती आखली. आठ बाय चार फुटांच्या दोन प्लायमध्ये बसावी आणि आई-बापांना घरी बनवता यावी असा हिशोब होता. आता बहुतेक फायबरच्या येतात, पण माप तेच राहिलं. आणि प्लायच्या त्या मापामुळेच ती आज साध्या हॅचबॅकच्या छपरावर मागे-पुढे फारशी लोंबत नाही. डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) आणि शिडाचं वरचं टोक ताणून धरणारा तिरका दांडा हे तिन्ही अडीच मीटरच्या आत. म्हणजे लाल फडका लावावा लागेल असं मागे काही येत नाही.

टेम्पोने का नाही पाठवली, असं सगळ्यांनी विचारलं. एकदाच न्यायची असती तर टेम्पोच केला असता. पण मला ती पुढे दाभोळच्या खाडीत न्यायचीय, जयगडला न्यायचीय, उन्हाळ्यात परत पुण्याला आणून दुरुस्त करायचीय. ट्रेलर म्हटलं की गाडीला मागे हुक, ट्रेलरची वेगळी नोंदणी, आणि आमच्या पाखाडीत तो वळवायचा कुठे हा प्रश्न. छप्परच बरं.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे मला नीट लिहायचंय, कारण तीच चूक अजून कुणी तरी करेल. माझ्या गाडीच्या छपरावर दोन्ही बाजूंना चंदेरी रेल आहेत. मी धरून चालले होते की त्या सामान बांधायलाच दिल्यात. गाड्यांच्या ॲक्सेसरीच्या एका दुकानात गेले, त्यांनी त्या रेलवर आडव्या दोन पट्ट्या कसून दिल्या आणि सांगितलं, "शंभर किलो ठेवा, काही होत नाही." नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे निघालो, मी आणि नवरा. चांदणी चौक ओलांडून भूगावात शिरलो, एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि डोक्यावर कट् असा आवाज झाला. उतरून बघितलं तर डावीकडची रेल पुढच्या टोकाला छपरापासून बोटभर उचलली गेली होती. खाली दोन बारीक स्क्रू आणि चिकटपट्टी. बस्स, तेवढ्यावरच ती रेल होती. ती शोभेची होती. आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या रेल अशाच नुसत्या दिसायला असतात. हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं होतं, दुकानदाराने ते कधी उघडून बघितलं नव्हतं आणि मीही नाही. आम्ही वीसच्या वेगाने घरी परतलो. मी खिडकीतून हात बाहेर काढून पूर्ण रस्ताभर होडीची कड धरून बसले होते. हाताने ती धरली गेली नसती हे कळत होतं, तरी सोडवत नव्हतं. मागून एखादी मोटारसायकल येत असती आणि ती होडी सुटली असती तर, हा विचार मला पुढचे कित्येक दिवस झोपू देत नव्हता.

त्यानंतर मी मॅन्युअल नीट वाचलं. छपरावर जास्तीत जास्त ५० किलो, आणि त्यात रॅकचं वजनही धरलेलं. शिवाय हा आकडा चालत्या गाडीचा. उभ्या गाडीचं छप्पर ह्याहून बरंच जास्त वजन सहज पेलतं. पण वळणावर, ब्रेकला आणि खड्ड्यात तेच वजन कितीतरी पट होऊन ओढतं, म्हणून कंपन्या आकडा एवढा कमी देतात. नुसतं होडीचं अंग नियमाप्रमाणे ३५ किलोचं हवं. जुन्या होडीत पाणी मुरलेलं असतं, म्हणून आम्ही बाथरूमच्या वजनकाट्यावर नवऱ्याला आधी एकटं आणि मग होडी डोक्यावर घेऊन उभं केलं. फरक आला साडेअडतीस. नवीन रॅक सात किलोचा. एकूण साडेपंचेचाळीस. बसलं. पण म्हणूनच डोलकाठी, सुकाणू, डॅगरबोर्ड (होडी आडवी वाहू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी) आणि शीड छपरावर न ठेवता गाडीच्या आत घेतलं. पुढची सीट मागे पाडून दांडे डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत आले, जुन्या चादरीत गुंडाळून.

नवा रॅक दाराच्या चौकटीत अडकणारा घेतला. ह्याचे चार पाय रबराच्या तळव्यावर छपराच्या कडेला बसतात आणि खालून पोलादी आकडा दाराच्या वरच्या काठाला धरतो. दार लावलं की तो आत बंद. प्रत्येक गाडीच्या छपराची कड वेगळी, म्हणून आकडेही त्या त्या गाडीचेच घ्यावे लागतात. कुठलेही बसवून "फिट झालं" म्हणणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. बसवल्यावर मी दोन्ही हातांनी पट्टी धरून गाडी गदागदा हलवली. गाडी हलली, पट्टी जागची हलली नाही. हीच माझी परीक्षा.

पट्ट्यांना गुंडाळायला एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात ते काळं फोम आणलं. हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळतं, स्वस्त, आणि मध्ये चीर असते त्यामुळे पट्टीवर नुसतं दाबून बसतं. दादा म्हणाला होता काथ्या गुंडाळ. काथ्या चांगला, पण एकदा भिजला की दिवसभर ओला राहतो आणि फायबरवर घासून पांढरं करतो. फोमच घ्या.

होडी उपडीच ठेवायची. सुलटी ठेवली तर वारा आत भरतो, आणि पाऊस आला तर छपरावर पाण्याची टाकी तयार. उपडी घातली की तिची कड सपाट दोन्ही पट्ट्यांवर टेकते आणि तळावरून वारा निसटून जातो. चढवायची पद्धतही सोपी. मागच्या काचेवर सतरंजी टाकायची, होडीचं पुढचं तोंड मागच्या पट्टीवर टेकवायचं, मग मागून एकाने उचलून नुसती सरकवायची. सगळं वजन एकदम कुणीच उचलत नाही. माझी कंबर पूर्वीसारखी नाही, तरी मी आणि नवरा दोघांत दोन मिनिटांत होते.

बांधणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

होडीच्या पोटावरून जाणारे दोन पट्टे घेतले, एकेका आडव्या पट्टीला एक. पट्टा नेहमी रॅकच्या पट्टीलाच गुंडाळायचा, रेलला नाही, दाराच्या हँडलला नाही. बकल दाताचं घेतलं, म्हणजे पट्टा ओढला की दाबून धरणारं. ट्रकवाले वापरतात ते कटकट आवाजाचं रॅचेट मुद्दाम टाळलं. त्याने एवढी ओढ बसते की फायबरचं अंग दबून तडकतं, आणि आपल्याला कळतही नाही. पट्टा पॉलिएस्टरचा घेतला. नायलॉन ओलं झालं की ताणतं, आणि ताणलेला पट्टा म्हणजे सैल पट्टा. काथ्याचं उलट, भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. आपल्याकडे कोळी वापरतात ती निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी जाळ्याला उत्तम, पण इथे नको. फार निसरडी असते, गाठ हळूहळू सुटत जाते.

हे दोन पट्टे होडीला खाली दाबून धरतात, एवढंच त्यांचं काम. जोरात ब्रेक लागला की होडी पुढे जायला बघते आणि वेगात वारा खालून शिरला की तिचं पुढचं तोंड वर उचलायला बघतो. तिथे पोटावरचे पट्टे कितीही आवळा, फार उपयोग नाही. म्हणून पुढे एक आणि मागे एक दोरी. गाडीच्या टूलकिटमध्ये जॅकशेजारी एक जाड लोखंडी कडी असते, गाडी ओढून न्यायची. पुढच्या बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आट्यांत फिरवून बसवायची. होडीच्या तोंडाशी असलेल्या कडीतून दोरी तिथे खाली आणायची. मागेही तसंच. पुढची दोरी होडीला खाली खेचते आणि मागची दोरी ब्रेकला तिला पुढे सरकू देत नाही. एकेका दोरीला एकेका दिशेची जबाबदारी दिली की मग कुठलीच फार आवळावी लागत नाही.

ह्या दोन दोऱ्यांना गाठ कुठली? ती मी आंब्याच्या दिवसांत आमच्याच अंगणात शिकलेय. पेट्या भरून टेम्पोवर ताडपत्री ओढतात तेव्हा गडी मारतात तीच. दोरी वरून खाली येताना तिच्या मधोमध एक पीळ देऊन छोटा फासा काढायचा. मोकळं टोक खालच्या कडीतून ओवून परत वर आणायचं, त्या फाशातून घ्यायचं आणि खाली ओढायचं. दोरीची दोरीवरच कप्पी होते. हिशोबाने ओढ तिप्पट होते, घर्षणात थोडी जाते, तरी एका हाताने दोरी सतारीच्या तारेसारखी ताठ होते. मग फासा चिमटीत दाबून धरायचा, टोकाचे दोन अर्धे वेढे मारायचे, आणि उरलेलं टोक पुन्हा त्यातच खोचायचं. उरलेलं टोक लोंबतं सोडलं की ते चाकाखाली जातं. खोलताना टोक सोडलं की फासा आपोआप विरघळतो, नखं मोडत नाहीत. लहानपणी हे शंभरदा बघितलं होतं, हात कधी लावला नव्हता. ह्या वेळी दादाला व्हिडिओ कॉल करून त्याच्या गड्याकडून तीनदा करून घेतली.

डिसेंबरात निघालो. ताम्हिणीच्या रस्त्याने माणगाव, तिथून म्हसळा, बागमांडला, फेरीने वेसवी आणि मग केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. भूगावचा तो गतिरोधक आला तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो. काही झालं नाही. पौडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, वेग साठला गेला आणि छपरातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, एखादं मोठं मधमाश्यांचं पोळं डोक्यावर असल्यासारखा. थांबलो. काही सुटलं नव्हतं. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडत होता, एवढंच. दोन्ही पट्ट्यांना होडी आणि पट्टीच्या मध्ये एकेक पीळ दिला, आवाज बंद. त्याच थांब्यावर बकलही पुन्हा ओढले आणि प्रत्येकी दोन बोटं पट्टा आत आला. घरून कितीही आवळून निघा, पहिल्या दहा किलोमीटरांत फोम दबतो, होडी आपली जागा करून बसते. पहिला थांबा लवकर घ्या.

साठच्या वर मी गाडी नेली नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीला गेलं तर होडीवरचा दाब जवळजवळ पावणेदोन पट. घाटातल्या वळणांवर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते हे पहिल्या दोन वळणांत कळलं, मग आपोआप सवय झाली. समोरून मोठा ट्रक गेला की झोत बसतो, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी.

होडीच्या आत, दोन्ही कडांना आणि मागच्या टोकाला बांधलेल्या हवेच्या तीन पिशव्या असतात. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून. उन्हात त्या फुगून शिवण उसवू नये म्हणून पुण्यातच निम्मी हवा काढून टाकली होती. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे तिथे भरलेली हवा खाली किनाऱ्यावर आली की आणखी आकसते. आंजर्ल्याला पोचलो तेव्हा त्या वाळल्या सुरणासारख्या सुरकुतल्या होत्या. पाण्यात घालण्याआधी पुन्हा भरायला विसरायचं नाही.

बागमांडल्याला ओहोटी होती. ओहोटीला फेरीवर गाडी चढवायचा फळा बराच उतरता पडतो, गाडी नाकावर उतरते आणि मग झटकन सपाट होते. त्या क्षणी छपरावरचं सगळं वजन पुढे झेपावतं. मी बाहेर उतरून फक्त मागची दोरी बघत होते. ती ताठ झाली, होडी जागच्या जागी राहिली. नवऱ्याने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्ही दोघं कठड्याशी जाऊन उभे राहिलो. पश्चिमेचा वारा सावित्रीच्या मुखातून आत शिरत होता, बाणकोटचा किल्ला हळूहळू सरकत जात होता. त्या आजीही फेरीवर होत्या. त्यांनी मला सांगितलं की त्यांचे सासरे शिडाच्या पडावातून मुंबईला कौलं न्यायचे. "वारा पडला की आठ-आठ दिवस लागायचे," म्हणाल्या. उतरताना त्यांनी होडीच्या तळावर हात फिरवला.

शेवटचा अर्धा किलोमीटर सगळ्यात अवघड निघाला. घराकडे जाणारी वाट दोन आगरांच्या मधून जाते, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि वर नारळाच्या झावळ्या. मी गाडीची उंची होडीसकट आधी मोजून ठेवली होती, १.९५ मीटर. पण त्या उंचीवर आमच्या शेजाऱ्यांची केबलची वायर आहे हे कुणाच्या लक्षात? दादा बांबूला आडवी काठी बांधून वायर वर धरत पुढे चालत होता आणि मागे भाची ओरडत होती, "आत्या, थांब! थांब! आता ये!" वहिनी ओट्यावर भाकऱ्या सोडून बघायला आली होती. बाबा खुर्चीतून उठून फाटकापर्यंत आले. त्यांनी काही विचारलं नाही. डोलकाठी गाडीतून काढली तेव्हा हात पुढे करून मागून घेतली आणि तिचा तोल बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात घातली नाही. सकाळी मतलई असतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि शिकाऊ मुलाला तो सरळ बाहेर घेऊन जातो. दुपारी वारा फिरला, भरती लागली, मग खाडीत आतल्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात. लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. वारा आणि पाणी दोन्ही आत ढकलणारे, म्हणजे काहीही झालं तरी ती आमच्याकडेच येणार. पहिले वीस मिनिटं ती नुसती गोल फिरत होती. मग एकदा शीड भरलं, होडी एका बाजूला कलली, ती घाबरून सुकाणू सोडणार तेवढ्यात बाबा काठावरून ओरडले, "सोडू नको! वाऱ्याकडे बस!" ती बसली. होडी सरळ झाली आणि चालू लागली.

येताना होडी आगरात दोन ओंडक्यांवर उपडी ठेवून आले. गोड्या पाण्याने धुतली, रॅकचे नट-बोल्टही धुऊन पुसले, कारण खाऱ्या वाऱ्यात एका रात्रीत त्यांच्यावर तांबूस पूड चढली होती. रॅक तिथेच ठेवावा असं दादाचं म्हणणं, म्हणजे मार्चमध्ये तोच तिला दाभोळला नेईल. पण त्याच्या गाडीच्या छपराची कड वेगळी आहे, माझे आकडे तिथे बसत नाहीत. पट्ट्या ठेवल्या, आकडे काढून आणले. त्याच्या दाराच्या चौकटीची मापं कागदावर लिहून घेतलीत, आणि तो कागद आत्ता माझ्या पर्समध्ये आहे.